‘पाणी मारा, पन्नास घोडे फुकट’: त्या फॉरवर्डचा एकेक मुद्दा घेऊन

गेल्या महिनाभरात तो एकच मेसेज मला सात जणांनी पाठवलाय, शेवटचा तर माझ्या मेव्हण्याने, ज्याच्याकडे वॅगन आर आहे आणि टर्बोशी त्याचा काडीचा संबंध नाही. मेसेज थोडक्यात असा: टर्बो किंवा सुपरचार्जर (इंजिनात जास्त हवा दाबून भरणारे पंप) असलेल्या कुठल्याही गाडीला वॉटर-मेथेनॉल किट बसवा, लगेच ५० एचपी वाढतात, रिमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरमधलं सेटिंग बदलणं) लागत नाही, इंटरकूलर (दाबून तापलेली हवा थंड करणारा भाग) काढला तरी चालतो, मायलेज वाढतं, नळाचं पाणी आणि दुकानातलं स्पिरिट टाकलं तरी काम होतं, जर्मन फायटर विमानांत हेच होतं, बीएमडब्ल्यूनेही दिलं, पण कंपन्या तुमच्यापासून लपवतात. खाली आगीच्या इमोजींची रांग.

आधीच सांगतो, मी स्वतः माझ्या टर्बो गाडीत, पोलो जीटी टीएसआयमध्ये, असा स्प्रे वापरतो, चार वर्षं झाली. म्हणजे मी या प्रकाराच्या विरोधात वगैरे नाही, उलट गोष्ट चांगली आहे म्हणूनच ती अशी विकली की डोकं फिरतं.

तर पहिलं, ‘५० एचपी, तेही रिमॅप न करता’. हे किट करतं काय ते बघा. टाकीतून पंप मिश्रण उचलतो, १५० ते २०० पीएसआयच्या आसपास दाब देतो, नॉझलमधून त्याचं धुकं होऊन इनटेकमध्ये जातं. पाण्याची वाफ व्हायला भरपूर उष्णता लागते, किलोला साधारण २२५७ किलोज्यूल, मेथेनॉलला ११०० च्या आसपास, आणि पेट्रोलला जेमतेम ३५०. ही उष्णता हवेतून आणि सिलिंडरमधून खेचली जाते, चार्ज, म्हणजे आत जाणारं हवा-इंधनाचं मिश्रण, थंड होतो, नॉकिंग, म्हणजे इंधन नको तेव्हा स्वतःहून भडकणं, लांबतं. बस, एवढंच. पाणी जळत नाही, पाण्यातला हायड्रोजन सुटून जळतो वगैरे जे कमेंटमध्ये चाललंय ते तर सोडूनच द्या.

‘पण मेथेनॉल जळतं ना’, हो, जळतं, चला हिशोब करू. माझी १.२ टीएसआय कंपनीतून १०५ पीएस (एचपीच म्हणा), रिमॅपनंतर अंदाजे १४० धरा. एवढ्या पॉवरला इंजिन मिनिटाला साधारण ५३० ग्रॅम पेट्रोल पितं, त्याच्या पंधरा टक्क्यांच्या हिशोबाने मिनिटाला १०० मिलीचं नॉझल बसतं. मिश्रण अर्धं-अर्धं असेल तर मेथेनॉल ४० ग्रॅम. मेथेनॉलमध्ये किलोला २० मेगाज्यूल, पेट्रोलमध्ये ४३, म्हणजे ८०० किलोज्यूल विरुद्ध जवळपास २३ हजार. साडेतीन टक्के होतात. पाच घोडे म्हणा, आणि तेही जास्तीचं इंधन जाळायला हवा शिल्लक असली तर, नाहीतर मिश्रण नुसतं रिच (इंधन जास्त, हवा कमी) होणार आणि धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या ओटू सेन्सरकडे बघून ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, तेवढं पेट्रोल कापून टाकणार.

मग लोकांना फरक जाणवतो तो कुठून येतो? मे महिन्यात दुपारी दोन वाजता खंबाटकी घाट चढताना टर्बो गाडी मंदावते, कारण हवा तापलेली असते, नॉक सेन्सर ओरडतो आणि ईसीयू इग्निशन टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) मागे घेतं. स्प्रे असला की ते मागे घ्यावं लागत नाही. म्हणजे उन्हामुळे जे गेलं होतं ते परत मिळालं, नवीन काही आलं नाही, मॅपमध्ये जेवढा टॉर्क (ओढ) लिहिलाय त्याच्या वर गाडी जातच नाही. त्याच्या वर जायचं तर बूस्ट (टर्बो देतो तो हवेचा दाब) आणि टायमिंग वाढवून नवीन मॅप लिहावा लागतो, स्प्रे फक्त त्या मॅपला सुरक्षित जागा करून देतो. आणि जागा आहे म्हणून घुसत गेलात तर पुढे गिअरबॉक्स उभा आहे: त्या गाडीतला सात गिअरचा कोरड्या क्लचचा डीएसजी ऑटोमॅटिक २५० एनएम टॉर्कसाठी बनवलाय, त्याला टाकीत पाणी आहे की अमृत याने काही फरक पडत नाही.

‘इंटरकूलर काढून टाका.’ इथे मी खरंच हसलो, कारण पोलोच्या या टीएसआय इंजिनांत इंटरकूलर इनटेक मॅनिफोल्डच्या पोटातच बसवलेला आहे, काढायचा म्हटलं तर मॅनिफोल्डच टाकावा लागेल! पण बाकीच्या गाड्यांसाठी आकडे घ्या. बाहेर ४० डिग्री आहे, टर्बो १ बार बूस्ट देतोय, कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली तर हवा १३८ डिग्रीच्या आसपास होऊन बाहेर पडते. बरा इंटरकूलर ती साठपर्यंत आणतो. आता वरचा १०० मिलीचा स्प्रे घ्या, सगळाच्या सगळा हवेत विरला असं मानलं, जे प्रत्यक्षात होत नाही, बराचसा सिलिंडरमध्ये गेल्यावर विरतो, तरी मिनिटाला सहा किलो हवेतून तो २५-२६ डिग्री उतरवेल. इंटरकूलर जवळपास ऐंशी उतरवतो, तेही टाकी न भरता. एकाच्या जागी दुसरा कसा चालेल? सुपरचार्जरवाल्यांचं थोडं वेगळं आहे हे मान्य, जुन्या अमेरिकन व्ही-८ वर बॉनेटमधून डोकं काढून बसलेला रूट्स ब्लोअर (सुपरचार्जरचाच एक प्रकार) असतो, तिथे इंटरकूलरला जागाच नसते आणि ब्लोअरच्या आधी पाणी मारलं की रोटरही थंड राहतात, तिथे स्प्रे हाच काय तो आधार. पण आपल्याकडे असा ब्लोअर कुणाकडे आहे? ‘कॉम्प्रेसर’ नावाची जुनी सुपरचार्जरवाली मर्सिडीज असेल एखाद्याकडे, बाकी सगळे टर्बोवाले.

आता जर्मन विमानं. खरं आहे, दुसऱ्या महायुद्धातल्या मेसरश्मिट लढाऊ विमानांच्या डेमलर-बेंझ इंजिनांत एमडब्ल्यू ५० नावाची सिस्टिम होती, निम्मं पाणी, निम्मं मेथेनॉल आणि गंज लागू नये म्हणून थोडं तेल. पण ती एका वेळी जास्तीत जास्त दहा मिनिटं वापरायची, आणि तिच्यामुळे स्पार्क प्लगचं आयुष्य घटायचं. तो जीव वाचवायचा जुगाड होता, कोथरूड ते हिंजवडी जायचा नव्हे. शिवाय त्यात मेथेनॉल घालण्याचं मोठं कारण म्हणजे उंचावर पाणी गोठू नये. पुण्यात डिसेंबरमध्ये आपण गोठतो, पाणी गोठत नाही.

बीएमडब्ल्यूचं तर उदाहरण मेसेजवाल्याच्याच विरोधात जातं. २०१६ ची एम४ जीटीएस, मोजक्याच गाड्या बनल्या, साध्या एम४ चे ४३१ पीएस तिथे ५०० झाले, पण टाकीत मेथेनॉल नव्हतंच, नुसतं डिस्टिल्ड पाणी! आणि ते ६९ पीएस पाण्याने दिले नाहीत, पाण्याच्या भरवशावर बीएमडब्ल्यूने बूस्ट आणि टायमिंग वाढवलं. म्हणजे रिमॅपच की. टाकी रिकामी झाली की गाडी स्वतःहून पॉवर कमी करते.

‘कंपन्या लपवतात’ म्हणणाऱ्यांनी ओल्ड्समोबिल जेटफायर बघावी. १९६२ ची गाडी, ३.५ लिटरचा अ‍ॅल्युमिनियम व्ही-८, टर्बो, आणि सोबत ‘टर्बो रॉकेट फ्लुइड’ नावाची बाटली, ज्यात हेच पाणी-मेथेनॉल. कंपनीने लपवलं नाही, गिऱ्हाइकाला हातात दिलं, जाहिरात केली. लोकांनी काय केलं, तर टाकी भरलीच नाही. रिकामी टाकी कळली की बूस्ट मर्यादित करायची व्यवस्था होती, मग लोक ‘गाडी ओढत नाही’ म्हणून तक्रार करत यायचे. दोन वर्षांत दहा हजारसुद्धा विकल्या नाहीत, आणि पुढे डीलर टर्बो काढून साधा कार्ब्युरेटर बसवून द्यायला लागले. साठ वर्षांत माणूस बदललाय असं मला तरी वाटत नाही, आपण वॉशरची टाकी तरी वेळेवर भरतो का?

‘दुकानातलं स्पिरिट चालतं.’ या ओळीसाठीच खरं तर मी लिहायला बसलो. मेथेनॉल हे विष आहे. काही चमचे पोटात गेले तरी डोळे जाऊ शकतात, त्वचेतून शिरतं, वाफेतूनही. २०१५ च्या जूनमध्ये मालाडच्या मालवणीत शंभराहून जास्त माणसं गेली ती मेथेनॉल मिसळलेल्या दारूने. त्यामुळे ते विषारी पदार्थांच्या नियमांत येतं आणि परवान्याशिवाय विकता येत नाही, ‘ओळखीचा केमिकलवाला देतो’ हे कौतुकाने सांगायचं कारण नाही. शुद्ध मेथेनॉल १२ डिग्रीलाच पेट घेण्याइतकी वाफ सोडतं, आणि उन्हात त्याची ज्योत जवळजवळ दिसत नाही, म्हणजे बॉनेटखाली पाइप सुटला तर आग लागलीय हे तुम्हाला रंग फुगल्यावर कळणार. घरात पाण्याच्या बाटलीत भरून ठेवणारे पण पाहिलेत मी, लहान पोरं असलेल्या घरात. आणि थिनर किंवा रंगीत स्पिरिट तर अजिबात नको, पंपाचा रबरी पडदा त्यात किती दिवस टिकेल देव जाणे.

मी नुसतं डिस्टिल्ड पाणी वापरतो, बॅटरीवाल्याकडे मिळतं ते. थंडावाच हवाय तर वरचाच हिशोब परत लावा, १०० मिली मिश्रण मिनिटाला १५७ किलोज्यूल खेचतं, १०० मिली पाणी २२५. ऑक्टेन (पेट्रोलची नॉकिंग रोखायची ताकद) कमी पडतंय असं वाटलं तर पुण्यात पंपावर १०० ऑक्टेनचं पेट्रोल मिळतं, खिशाला टोचतं पण डोळे जात नाहीत.

नळाच्या पाण्याबद्दल मात्र एक प्रत्यक्ष बघितलेलं सांगतो. मित्राची गाडी, किट एका गॅरेजने बसवलं, मॅप त्या स्प्रेवर बांधलेला, म्हणजे स्प्रे येणारच असं धरून टायमिंग पुढे. टाकीत बोअरचं पाणी. डॅशवर एक हिरवा एलईडी, पंप चालू झाला की पेटायचा, त्यामुळे हा निवांत. एक दिवस म्हणाला, तिसऱ्या गिअरमध्ये वाळू चाळल्यासारखा आवाज येतो. नॉझल काढलं तर तोंडावर पांढरा खडा, चहाच्या भांड्याला बसतो तसा, भोक जवळजवळ बंद. पंप चालू, दिवा चालू, पाणी शून्य. तीन नंबरचा प्लग काढून भिंगाखाली धरला, पांढऱ्या चिनीमातीवर मिरपूड शिंपडल्यासारखे ठिपके, त्यातले काही चमकणारे. चमकणारे म्हणजे पिस्टनचं अ‍ॅल्युमिनियम. कॉम्प्रेशन ठीक निघालं, नशीब त्याचं, अजून दोन-तीन घाट मारले असते तर रिंग लँड (पिस्टनची रिंग धरून ठेवणारी कड) तुटला असता.

म्हणून पंपाचा दिवा हा पुरावा नाही. लाइनमध्ये फ्लो सेन्सर हवा, आणि प्रवाह कमी पडला की बूस्ट आपोआप खाली यायला हवा, नुसता बझर नको, कारण पूर्ण थ्रॉटलवर बझर ऐकून पाय काढेपर्यंत जे व्हायचं ते होऊन जातं. दुसरं, नॉझलजवळ सोलेनॉइड (विजेवर उघडबंद होणारा व्हॉल्व्ह) पाहिजे, नाहीतर थ्रॉटलच्या पुढे मॅनिफोल्डमध्ये नॉझल असेल आणि टाकी वरच्या पातळीला असेल तर क्रूझिंगला व्हॅक्यूम पाणी आपणहून ओढत बसतो, आणि गाडी बंद असताना ते सिलिंडरमध्ये साठलं तर सकाळी स्टार्टर मारताच कनेक्टिंग रॉड वाकणार. त्या मित्राच्या किटमध्ये या दोन्हीपैकी काहीच नव्हतं. गॅरेजचं उत्तर होतं, ‘सगळे असंच लावतात.’

मायलेजचं दोन ओळींत: स्प्रे फक्त बूस्टवर चालतो, तुमचं मायलेज ठरतं ते बूस्ट नसताना. बॉशने १३ टक्क्यांपर्यंत बचतीचा आकडा दिला होता तो पाणी धरून जुळवलेल्या इंजिनांचा आणि जोरात पळवतानाचा, बाहेरून टांगलेल्या किटचा नव्हे.

आणि ‘बोल्ट-ऑन आहे म्हणून लीगल’ हेही नाही, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेत असे बदल करू देत नाही, वॉरंटी आणि इन्शुरन्सवाले तर वाटच बघत असतात. मी वापरतो म्हणून ते कायदेशीर होत नाही, माझी गाडी वॉरंटीबाहेर गेल्यावर मी माझ्या जबाबदारीवर लावलं, एवढंच.

ज्यांच्याकडे किट आधीच आहे त्यांनी या रविवारी एक करा. नॉझल इनटेकमधून काढून मोजपात्रात धरा, पंप साठ सेकंद चालवा, मिली वाचा आणि तारीख घालून लिहून ठेवा. माझं नवीन असताना १०१ भरत होतं. परवा ९२ भरलं. नॉझलच्या आतल्या जाळीत पाइप कापताना राहिलेला रबराचा तुकडा अडकला होता, मोहरीएवढा. काढला, पुन्हा मोजलं, १००.