'कोल्ले' म्हणजे टेकडी? दर वेळी नाही

इटालियन शिकणाऱ्यांमध्ये एक तक्ता फिरतोय: 'कोल्ले म्हणजे टेकडी. कोल्लीना म्हणजे लहान टेकडी, कारण शेवटी -ईना आहे. नकाशात कोल्ले दिसलं की टेकडी समजा.' यातलं पहिलं विधान अर्धं खरं आहे, पुढची दोन्ही चुकीची.

आधी ती 'लहान' टेकडी. तोरिनो शहराला लागून असलेली अख्खी रांग म्हणजे 'कोल्लीना तोरिनेझे', आणि त्याच रांगेतला ६७२ मीटरचा सुपेर्गा हा 'कोल्ले'. लहान कोण, मोठं कोण? इथला -ईना लहानपणा दाखवतच नाही. शब्द आलाय लॅटिन 'कोल्लीनुस' या विशेषणावरून. अर्थ, टेकडीचा किंवा टेकडीवरचा. बोलताना कोल्लीनाच वापरा: 'विवो इन कोल्लीना', म्हणजे टेकड्यांच्या भागात राहतो. कोल्ले जास्त करून ठिकाणांच्या नावांत आणि कवितेत भेटतो.

खरी फसगत नकाशात होते. फ्रान्सच्या सीमेवरच्या 'कोल्ले देल्लान्येल्लो'ची उंची २७४४ मीटर. तिथे टेकडी शोधू नका, ती खिंड आहे. घाटरस्ता चढून येतो आणि पलीकडे फ्रान्समध्ये उतरतो. टेकडीवाचक कोल्ले लॅटिन 'कोल्लिस'पासून आला, खिंडीचा 'कोल्लुम'पासून, म्हणजे मान. दोन शिखरांमधली मान! वायव्य इटलीतल्या पिएमोन्ते आणि आओस्ता खोऱ्यात हा अर्थ सर्रास चालतो. नुसत्या उंचीवर मात्र विसंबू नका: पूर्वेकडे दोलोमिती पर्वतरांगेत खिंडीला 'पास्सो' म्हणतात आणि तिथला 'कोल दी लाना' हे चक्क सुमारे २४५० मीटरचं शिखर आहे. खात्रीचा उपाय म्हणजे समोच्च रेषा, म्हणजे नकाशातल्या सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा. टेकडीभोवती त्या बंद कडी करतात. खिंडीत दोन बाजूंना चढ, दोन बाजूंना उतार दिसतो.

तक्त्यात लिंग दिलेलंच नाही, आणि तिथेच घोळ होतो. कोल्ले पुल्लिंगी: 'ईल कोल्ले', अनेकवचन 'ई कोल्ली'. शेवटच्या ए-कारामुळे अनेकवचन समजून 'ले कोल्ले' म्हणालात, तर अर्थ होतो 'गोंद', तोही अनेकवचनी, कारण 'ला कोल्ला' म्हणजे गोंद.

आणि वर्तमानपत्रात कोणी 'ईल कोल्ले'वर गेल्याचं वाचलं, तर ती सहल नव्हे. राष्ट्राध्यक्षांचा प्रासाद रोमच्या क्विरिनाले टेकडीवर आहे, म्हणून राजकीय बातम्यांत 'ईल कोल्ले' म्हणजे खुद्द राष्ट्राध्यक्षपद.