काकांचा शुक्रवार

मिशिगनच्या स्टेट पार्कात तळ्याकाठी तंबू ठोकायचा असेल, तर जागा सहा महिने आधी, सकाळी आठला खुली होते. १७ जुलैचा शुक्रवार हवा, तर १७ जानेवारीला आठच्या ठोक्याला हजर राहायचं. मी हजर होतो. बाहेर गुडघाभर बर्फ, आत मी, दोन लॅपटॉप आणि आंघोळ न केलेला उत्साह. आठ वाजले, पान उघडलं आणि काठावरची एकूण एक जागा गेलेली! उरल्या होत्या त्या संडासालगतच्या दोन, आणि तिसरी जिथे आरव्हीवाले, म्हणजे चाकांवरचं घर घेऊन फिरणारे, आपल्या मैल्याच्या टाक्या रिकाम्या करतात त्याच्या समोरची. तिच्या फोटोतही मागे तळं दिसत होतं, हे मान्य करायला हवं.

बायकोची अट साधी होती: पाठीखाली गादी आणि डोक्यावर छप्पर. त्यासाठी मिनी-केबिन असते. लाकडी खोली, बंक बेड, वीज. चादरी-उशा आपल्या, स्वयंपाक बाहेर, बाथरूम अंधारातून चालत गेल्यावर. याला हल्ली ग्लॅम्पिंग, म्हणजे चैनीचं कॅम्पिंग, म्हणतात. तरीही अख्ख्या पार्कात त्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, त्यामुळे त्या आधीच गेलेल्या. (पार्कचं नाव सांगणार नाही. उरलेल्या तीन जागाही जातील.)

त्याच दुपारी मंडळाची संक्रांत होती. शाळेच्या जिममध्ये बास्केटबॉलच्या जाळीखाली हळदीकुंकू. तिथे काका भेटले. ते कोणाचे काका आहेत हे आमच्या गावात कोणालाच माहीत नाही. गाड्यांच्या कंपनीतून रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, दारात तीस फुटी आरव्ही, आणि बोलताना समोरच्याच्या कोटाचं बटण धरायची सवय. हे बटण धरणं फार वाईट. माणूस निसटू शकत नाही.

"तिळगूळ घे, गोड बोल. काय रे, चेहरा का असा?"

मी सांगितलं.

"शुक्रवारचं बुकिंग शुक्रवारच्या तारखेला?" काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी विमानतळावर जाऊन खिडकीत तिकीट मागितलंय. "अरे, मी मंगळवारीच केलं."

"मंगळवारी शुक्रवार खुला कसा होता?"

"शुक्रवार नव्हता. सोमवार होता, १३ जुलै. येण्याची तारीख सहा महिन्यांच्या आत हवी. पण एकदा आत शिरलास की पुढच्या रात्री सलग मिळतात. पंधरापर्यंत. मी सोमवार ते रविवार घेतला."

"आठवडाभर राहणार?"

"छे! आठवडाभर कोण राहतंय त्या डासांत? सोमवार ते गुरुवार नंतर सोडून द्यायचे. थोडेफार पैसे कापतात, कापू देत. तू एस्टीत खिडकीतून रुमाल टाकायचास की नाही?"

"टाकायचो. पण काका, मी त्याच गाडीने जायचो तरी."

हे त्यांना ऐकू गेलं नाही. त्यांनी बटण सोडून दुसरं धरलं. "बेचाळीस नंबर घेतला. सकाळचं ऊन मागून येतं, तोंडावर नाही. एकेचाळीसला पाण्याचा नळ जवळ, पण लोक रात्रभर भांडी घासतात. त्रेचाळीस बरा, तो आमच्या साडूंचा. त्यांचंही मीच केलं. आणि हे बघ, लाकडं घरून आणायची नाहीत. अ‍ॅश झाडाची तर मुळीच नाहीत. तो हिरवा किडा असतो ना, एमराल्ड अ‍ॅश बोरर, तो अमेरिकेत पहिल्यांदा सापडला तो २००२ मध्ये, इथेच डेट्रॉइटजवळ. कोट्यवधी झाडं खाल्ली त्याने. माझ्या अंगणातली दोन. जळाऊ लाकडातून लांब पसरतो. लाकूड तिथलंच घ्यायचं."

ही माहिती अगदी खरी आणि मोलाची आहे. पण ज्याच्याकडे शेकोटी पेटवायला जागाच नाही त्याला लाकूड कुठलं आणावं हे सांगण्यात एक वेगळीच क्रूरता असते.

मग मी तो प्रश्न विचारला, जो सकाळपासून कोणाला तरी विचारायचाच होता. "काका, तुम्ही रिटायर्ड. तुम्हाला सोमवार काय, शुक्रवार काय. आठवड्याच्या मधे जा ना. सगळं तळं मोकळं असतं."

"मोकळं असतं ना! तोच तर प्रॉब्लेम आहे. मंगळवारी काय करायचं तिथे? चिटपाखरू नसतं. शुक्रवारी कशी माणसं येतात, मुलं खेळतात, ओळखी होतात. तू ये ना मुलांना घेऊन! आमच्याकडेच जेवा. रात्री दहाला मात्र निघावं लागेल हं, पाहुण्यांना थांबू देत नाहीत."

म्हणजे मी तीन तास गाडी हाकत जायचं, माझ्याच शुक्रवारात पाहुणा म्हणून बसायचं, त्यांना ओळखी व्हाव्यात म्हणून मुलं पुरवायची आणि दहाला बाहेर पडायचं.

गोड बोलायचा दिवस असल्याने मी लाडू तोंडात धरून ठेवला. पण राग येतोच. १९१७ साली इथल्या विधिमंडळाने इंटरलॉकनच्या स्टेट पार्काची जमीन विकत घेतली. कुऱ्हाडीतून वाचलेली जुनी पाइनची झाडं वाचावीत आणि सगळ्यांना तळ्याकाठी बसता यावं म्हणून. सगळ्यांना! आता सगळे म्हणजे आठ वाजता ज्यांच्या हातात माउस आहे ते. माझी बायको हॉस्पिटलात काम करते. आठला तिच्या हातात कोणाची तरी सलाइन असते. आमच्या शेजारी ट्रक चालवणारा आहे, तो त्या वेळी कुठल्या तरी हायवेवर असतो. तेही याच राज्याचा कर भरतात, गाडीच्या नंबरप्लेटबरोबर पार्काचा वर्षाचा पासही घेतात. मग रात्री एखादी वेबसाइट सांगते, महिन्याला एवढे भरा, कोणी जागा सोडली की तुम्हाला कळवू. म्हणजे काकांनी टाकलेला रुमाल उचलल्याची बातमी मला विकत. आणि यातलं काहीही नियमाबाहेर नाही, हे जास्त झोंबतं. नियमाबाहेर असतं तर निदान तक्रार करता आली असती.

"सोमवार सोडाल तेव्हा मला सांगा," मी शेवटी म्हटलं. लाचारी ही अशी असते.

"सांगतो की! ग्रुपवरच टाकतो."

ग्रुपवर तीनशे माणसं आहेत.

तेवढ्यात काकू हळदीकुंकवाचं ताट घेऊन आल्या. "कसलं बोलणं चाललंय? कॅम्पिंग? अहो, जुलैत आपण पुण्याला नाही का? तिकिटं काढलीयत ना!"

"अगं, ते अजून नक्की नाही," काका म्हणाले.

"नक्की नाही कसं? भाचीचं लग्न आहे!"

"म्हणजे नक्की आहे. पण घेऊन ठेवलेलं बरं असतं गं."

मी बटण सोडवून घेतलं. काकू मात्र मनाने फार चांगल्या. त्यांनी माझ्या बायकोला कुंकू लावलं, ओटीत हरभरे आणि बोरं घातली आणि वाण म्हणून एक खोकं दिलं. यंदा सगळ्याजणींना तेच, स्वस्तात मिळालं म्हणून एकदमच घेतलं होतं. बॅटरीवर चालणारा कंदील. खोक्यावर तळं, काठावर तंबू आणि हसणारं एक कुटुंब.

गाडीत बसल्यावर बायकोने तो चालू करून बघितला. उजेड चांगला पडतो.

"हा लावायचा कुठे पण?" तिने विचारलं.

मी म्हटलं, "गॅरेजमध्ये."