कंदी पेढा, ‘कँडी’ आणि आत्याचा गूळ

गेले काही दिवस साताऱ्यात मोबाइलवर एक संदेश फिरत आहे. भारतात पूर्वी फक्त गूळ होता आणि साखर इंग्रजांनी आणली. त्यांच्या ‘कँडी’वरून आपल्या पेढ्याला ‘कंदी’ नाव पडले. साखर हाडांच्या कोळशाने पांढरी करतात. तेव्हा साखर सोडून गूळ खावा, तो मधुमेहींनाही निर्धास्त चालतो, असे त्यात म्हटले आहे. सांगलीला राहणाऱ्या माझ्या आत्यापर्यंत हा संदेश पोहोचला नसता, तर मी उत्तर लिहायला बसलो नसतो. आत्याला बारा वर्षांपासून मधुमेह आहे. संदेश वाचल्यापासून ती दिवसातून तीनदा गुळाचा चहा घेत होती आणि जेवणानंतर गुळाचा खडा तोंडात टाकत होती. तपासणीत रक्तातली साखर वाढलेली दिसली, तेव्हा कुठे घरच्यांना हे कळले.

म्हणून शेवटचा मुद्दा आधी घेतो. गूळ आणि साखर ही दोन्ही एकाच उसाच्या रसातून निघतात, आणि गुळाचा बहुतांश भाग म्हणजे साखरेत असते तीच शर्करा. गुळात थोडे लोह आणि काही खनिजे राहतात, हे मान्य; पण तेवढ्याने रक्तातली साखर वाढायची थांबत नाही. सणाला तिळगुळाची एक वडी खाणे वेगळे आणि पथ्य म्हणून रोज गूळ खाणे वेगळे. आजारी माणसाच्या पथ्यात हात घालणारा असा मजकूर न तपासता पुढे पाठवणे ही बेजबाबदारी आहे.

आता ‘साखर इंग्रजांनी आणली’ हे विधान. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दुसऱ्या अधिकरणाच्या पंधराव्या अध्यायात कोठारात ठेवण्याच्या जिनसांची यादी आहे. तिथे ‘क्षारवर्ग’ म्हणून फाणित, गुड, मत्स्यण्डिका, खण्ड आणि शर्करा हे पाच पदार्थ ओळीने दिले आहेत, म्हणजे काकवी आणि गुळापासून दाणेदार साखरेपर्यंतचे प्रकार तेव्हाच वेगळे ओळखले जात होते. या ग्रंथाच्या काळाबद्दल विद्वानांत मतभेद आहेत. तरीही सर्वांत अलीकडचा अंदाज, म्हणजे इसवी सनाचे तिसरे शतक, धरला तरी इंग्रजांचे जहाज सुरतेला लागण्याला तेराशे वर्षे अवकाश होता. इ.स. ६४७ मध्ये तर चीनच्या सम्राटाने साखर करण्याची पद्धत शिकण्यासाठी मगधात माणसे पाठवली होती. एवढे लांब जायचे नसेल, तर तुकोबांचे ‘मुंगी साखरेचा रवा’ प्रत्येक मराठी घरात पाठ आहे. तुकोबा १६५० मध्ये गेले आणि सातारा संस्थान इंग्रजांनी खालसा केले ते १८४८ मध्ये. मुंगीला साखरेचा रवा मग कोणी दिला?

यातले अर्धसत्य एवढेच की, आज आपण वापरतो ती गिरणीतली पांढरीशुभ्र, एकसारख्या दाण्यांची साखर एकोणिसाव्या शतकातल्या यंत्रांची देणगी आहे. निर्वात कढईत कमी उष्णतेवर रस आटवण्याची युक्ती एडवर्ड हॉवर्ड या इंग्रजाची, १८१३ च्या सुमाराची. पण यंत्र त्यांचे म्हणून पदार्थही त्यांचा ठरत नाही.

‘कंदी’च्या गोष्टीत तर मूळच उलटे धरले आहे. इंग्रजीत ‘कँडी’ फ्रेंचमधून आला, फ्रेंचमध्ये अरबीतून, अरबीत फारसी ‘कंद’वरून, आणि या ‘कंद’चे मूळ संस्कृत ‘खण्ड’, म्हणजे अर्थशास्त्राच्या त्या यादीतलाच शब्द, असे कोशकार सांगतात. हाच फारसी ‘कंद’ आपल्या घरातल्या गुलकंदात आहे. गुल म्हणजे गुलाब आणि कंद म्हणजे साखर. गुलकंदाचे नाव ठेवायला कोणी साहेब लागला नव्हता. साताऱ्याच्या एखाद्या साहेबाने पेढा खाऊन ‘कँडी’ म्हटले असेलही, असे घटकाभर धरले, तरी तो आपलाच शब्द आपल्याला परत देत होता. शिवाय या पेढ्याचे वेगळेपण खवा तांबूस होईपर्यंत भाजण्यात, त्या खमंगपणात आणि बेताच्या गोडीत आहे, आणि संदेशात त्याविषयी एक अक्षर नाही.

हाडांच्या कोळशाची गोष्ट परदेशातल्या काही शुद्धीकरण कारखान्यांपुरती खरी आहे. आपल्याकडचे बहुतेक कारखाने चुना आणि गंधकाचा धूर वापरून रस स्वच्छ करतात.

आत्याचा गुळाचा चहा आता बंद झाला आहे. संदेश मात्र तिच्या भिशीच्या गटात अजून तसाच आहे, आणि हे उत्तर ती आज तिथेच टाकणार आहे.