पक्षी उडाला नाही, तुम्ही उडवलात

रविवारी भिगवणहून परत आले ती डोकं भणभणतच. आज गुरुवार. राग अजून उतरलेला नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

पहाटे साडेतीनला पुण्यातून निघायचं, थर्मास भरून चहा घ्यायचा, सोलापूर रस्त्याने शंभरेक किलोमीटर जायचं आणि दिवस उगवायच्या आत उजनी धरणाच्या पाण्यावर होडीत बसायचं. गेली नऊ वर्षं नोव्हेंबर ते मार्च माझे बहुतेक रविवार असेच जातात. मला उडते पक्षी टिपायचं वेड आहे. फांदीवर बसलेला खंड्याही सुंदरच दिसतो, पण हवेत वळण घेताना पूर्ण उघडलेला पंख, त्यातलं एकेक पीस आणि डोळ्यातला उजेडाचा ठिपका, हे सगळं एका फोटोत धारदार मिळालं की दिवसभर अंगात काहीतरी नाचत राहतं. शंभरातले नव्वद फोटो टाकून द्यावे लागतात. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. तो या छंदाचाच भाग आहे.

रविवारी होडीत आम्ही पाच जण होतो. मी एकटी, आणि चौघांचा एक गट. काठावरच ओळख झाली. होडी वाटून घेतली की प्रत्येकाला पैसे कमी द्यावे लागतात, म्हणून एकत्र बसलो. चौघांकडे माझ्यापेक्षा भारी कॅमेरे, तोफेसारख्या लेन्स, अंगात जंगलरंगाची जॅकेटं. मला वाटलं, जाणकार मंडळी दिसतात, सकाळ छान जाणार.

धुकं विरत होतं. समोर उथळ पाण्यात दीड-दोनशे रोहित होते, म्हणजे आपले फ्लेमिंगो. माना खाली, चोची उलट्या करून पाणी गाळून खाणं चाललेलं. त्यांचा तो अखंड पुटपुटल्यासारखा आवाज पाण्यावरून येत होता. नावाड्याने लांबूनच इंजिन बंद केलं आणि बांबूने ढकलत होडी अलगद आणली. साठेक मीटरवर थांबलो. सूर्य पाठीशी, वारा पाठीवर. पक्षी वाऱ्याकडे तोंड करून उडतात. म्हणजे ते आपणहून उठले असते, तर आमच्याच दिशेने आले असते. इतकं सगळं जुळून आलेलं. फक्त थांबायचं होतं.

दहा मिनिटं झाली नसतील, मागून आवाज आला, "दादा, जरा उडवा की."

नावाडी म्हणाला, "साहेब, खातायत. खाऊ द्या थोडं. उठतील आपोआप."

"अहो, तीन तास गाडी चालवून आलोय. फ्लाइट शॉट पाहिजे. वेगळे पाचशे देतो."

नावाड्याने एकदा माझ्याकडे बघितलं आणि इंजिनाची दोरी ओढली.

फ्लेमिंगो जागच्या जागी उडू शकत नाही. एवढं अंग हवेत न्यायचं तर त्याला पाण्यावरून धावावं लागतं. मान सरळ पुढे, पंख मारत, पावलं पाण्यावर चप चप आपटत तो पळत सुटतो, तेव्हा कुठे वर उठतो. दोनशे पक्षी एकदम धावायला लागले. होडी सरळ त्यांच्या अंगावर आणि मागे चार कॅमेरे सेकंदाला वीस-वीस फोटो ओढतायत. त्या थव्यात एक यंदाचं पिल्लू होतं, अजून करड्या रंगाचं, गुलाबी छटा आलेली नाही. ते सगळ्यांत मागे राहिलं. बाकीचे हवेत गेले तरी ते पाण्यावर धावतच होतं. शेवटी उठलं, तेही इतकं खालून की पाय पाण्याला लागत होते.

थवा चारशे मीटरवर जाऊन उतरला. पुन्हा माना खाली घालून खायला लागला. होडी पुन्हा त्यांच्यावर. "लाईट आता मस्त आहे, अजून एक राउंड घ्या." चाळीस मिनिटांत तीन वेळा. तिसऱ्या वेळी ते उतरलेच नाहीत. उंच गेले, एक मोठा फेरा घेतला आणि पाण्यावरून पार दिसेनासे झाले. मागे उरला तो गढूळ झालेला रिकामा पट्टा.

मी पहिल्याच वेळी म्हणाले होते, "अहो, नका उडवू त्यांना." उत्तर काय मिळालं? "मॅडम, पक्षीच आहेत, उडणारच की." आणि दुसऱ्याने मागून जोडलं, "तुम्हालाही फुकटात फ्लाइट मिळाली ना?"

नाही मिळाली. मी कॅमेरा मांडीवर ठेवून बसले होते. ते तीनही उठाव मी डोळ्यांनी बघितलेत, एकही फोटो काढलेला नाही.

"पक्षीच आहेत, उडणारच." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता ऐकवत नाही. उडणं, त्यातही पाण्यावरून किंवा जमिनीवरून उठणं, हे पक्ष्याच्या अंगातली ताकद सगळ्यात जास्त खाणारं काम आहे. तो हौस म्हणून उठत नाही. त्याच उजनीवर पट्टकादंब नावाचे हंस येतात, ज्यांना आपण सगळे बार-हेडेड म्हणतो. मंगोलिया आणि तिबेटच्या बाजूने हिमालय ओलांडून. त्यांच्या अंगावर बसवलेल्या यंत्रांनी सात हजार मीटरच्या वरचं उड्डाण नोंदवलंय. तिथे आपल्याला चार पावलं चालताना धाप लागेल. असा पक्षी इथे येऊन काठावरच्या हरभऱ्यात आणि गवतात चरतो, दुपारी पाण्याकडेला पाय पोटात घेऊन बसतो, ते परतीच्या प्रवासासाठी अंगावर चरबी चढवायला. मार्चच्या सुमारास त्याला पुन्हा तोच हिमालय ओलांडायचाय. आणि तुम्ही त्याला शनिवारी चार वेळा, रविवारी सहा वेळा उठवता. सकाळच्या बॅचला एकदा, दुपारच्या बॅचला एकदा. तुमची होडी एकटी नसते. प्रत्येकाला वाटतं आपण एकदाच तर उडवलं. त्या थव्याला विचारा दिवसात किती एकदा झाले ते.

मला सगळ्यात जास्त चीड येते ती ही, की याची काही गरजच नसते! पक्षी उडण्याआधी सांगतो. ज्याने दोन हिवाळे नीट बघण्यात घालवलेत त्याला ते कळतं. बदकं आणि हंस माना झटकायला लागतात, आधी एक, मग शेजारचा, मग सगळा घोळका. तसं झालं की पुढच्या मिनिटाभरात ते उठणार हे समजायचं. शिकारी पक्षी खांबावर बसलेला असेल तर पुढे झुकतो, शेपटी उचलून विष्ठा टाकतो आणि झेपावतो. करकोचा पंख ताणतो. सकाळी रात्रीच्या थाऱ्यावरून चराईकडे आणि संध्याकाळी परत, हा येण्याजाण्याचा मार्ग रोज जवळपास तोच असतो. त्या मार्गाखाली उन्हाकडे पाठ करून उभं राहिलात, शटर सेकंदाच्या दोन हजाराव्या भागावर ठेवलंत, की पक्षी स्वतः तुमच्या डोक्यावरून जातो. शांत, संथ, तुमच्याकडे बघत. आता तर कॅमेरा स्वतःच पक्ष्याचा डोळा शोधून धरून ठेवतो. आम्ही सुरुवात केली तेव्हा हे काही नव्हतं, सगळं हातावर आणि नजरेवर होतं. यंत्राने एवढं सगळं सोपं करून दिलं, आणि तुम्हाला उरलेलं एकच काम जमत नाही. गप्प बसून थांबायचं.

आणि फोटोत ते दिसतं हो. तुम्हाला वाटत असेल की कुणाला कळत नाही. उडवलेल्या थव्याचा फोटो लांबून ओळखू येतो. सगळे पक्षी कॅमेऱ्याकडे पाठ करून पळतायत, माना ताठ, पाय लोंबतायत, डोळा एकाचाही दिसत नाही. फोटोच्या खालच्या कोपऱ्यात होडीने कापलेल्या पाण्याची लाट असते, ती कापायचीही अक्कल नसते. त्या चौघांतल्या एकाने सोमवारी सकाळी फोटो टाकला. खाली सव्वाशे लोकांनी "काय टायमिंग!" म्हणून लिहिलंय. कसलं टायमिंग? पाचशेची नोट आणि इंजिनाची दोरी. मी खाली लिहिलं की हे पक्षी होडी घालून उडवलेत, मी त्याच होडीत होते. दहा मिनिटांत माझं लिहिलेलं काढून टाकलं.

नावाड्याला मी दोष देणार नाही. त्याचे चार महिने पक्ष्यांवर चालतात, उरलेले मासेमारीवर. उतरल्यावर तो हळूच मला म्हणाला, "ताई, आता दोन दिवस ते ह्या बाजूला फिरकायचे नाहीत. उद्याच्या गिऱ्हाइकाला मी काय दाखवू?" त्याला सगळं कळतं. पण उडवायला नकार दिला तर पुढच्या वेळी हे लोक दुसऱ्याच्या होडीत बसतात आणि जाताना काठावर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणतात की हा नीट फोटो देत नाही. त्याच्या पोटावर पाय ठेवून त्याच्याकडून हे करून घेतलं जातं.

होडीपुरतंही हे नाही. कडबनवाडीच्या माळावर हिवाळ्यात हॅरियर येतात, म्हणजे भोवत्या हे शिकारी पक्षी. संध्याकाळी ते गवतात जमिनीवरच उतरून झोपतात. अंधार पडता पडता जीप सरळ गवतात घालून त्यांना उठवणारे मी पाहिलेत, कारण मावळत्या उजेडात पंख सोनेरी दिसतात. रात्रीचा आसरा उठवला की तो पक्षी त्या अंधारात कुठे जाणार, हा विचार एकाच्याही डोक्यात येत नाही. गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या बोटींवर कुरवांना, म्हणजे सीगलना, वेफर्स आणि शेव फेकतात, पक्षी जवळ यावेत म्हणून. मीठ-तेलाचं ते खाणं पक्ष्याच्या पोटात जातं आणि फोटोखाली "निसर्गाशी नातं" असं लिहिलं जातं.

पण सगळ्यात वाईट उन्हाळ्यात. उजनीचं पाणी ओसरतं, मधे मधे बेटं उघडी पडतात आणि त्यांच्यावर नदी सुरय, म्हणजे रिव्हर टर्न, अंडी घालतात. घरटं कसलं, वाळूत नुसता खळगा. अंडी खड्यांसारखीच दिसतात, पाय पडला तरी कळत नाही. चाळीस डिग्रीच्या उन्हात नर-मादी आळीपाळीने त्यांच्यावर सावली धरून बसतात. टिटवी तर पोटाची पिसं पाण्यात भिजवून आणते आणि अंडी गार ठेवते. तिथे लोक होडीतून उतरतात. सुरय डोक्यावर ओरडत झेपा घेतो, आपल्याला हाकलायला. तीच झेप यांना समोरून टिपायची असते. म्हणून हे अर्धा तास तिथेच उभे. तेवढा वेळ खाली अंडी उघड्या उन्हात भाजतात आणि कावळे बघत बसलेले असतात. गेल्या एप्रिलमध्ये मी काठावरून दुर्बिणीतून हे बघत होते. ओरडून सांगितलं, हात केले. त्यांनी उलटा हात केला, त्यांना वाटलं मी नमस्कार करतेय. ते गेल्यावर पाचच मिनिटांत दोन कावळे तिथे उतरले.

१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात अभयारण्यातल्या प्राण्या-पक्ष्यांना छेडायला, त्रास द्यायला मनाई आहे. नांदूर मधमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात पहारेकरी हटकतो म्हणून लोक जरा दबून असतात. तेच लोक पुढच्या आठवड्यात भिगवणला येऊन इंजिन सुरू करायला लावतात. म्हणजे चूक काय ते माहीत असतं. फक्त हटकणारं कुणी नको.

मला सांगू नका की नवीन आहेत, शिकतील. त्या चौघांतला एक पक्षी निरीक्षणाच्या कार्यशाळा घेतो. होडीत तो स्वतःच सांगत होता.

या रविवारी मी पुन्हा जाणार आहे. त्याच नावाड्याला फोन केलाय, पूर्ण होडी माझी, पैसे जास्त गेले तरी चालतील. इंजिन लांबच बंद, पुढे बांबू. फ्लेमिंगो परत त्या पट्ट्यात आलेत का ते त्याने उद्या बघून सांगतो म्हटलंय. होडीत दोन-तीन जागा रिकाम्या आहेत, कुणाला यायचं असेल तर या, नवीन असलात तरी या, मला जे येतं ते सगळं शिकवीन. पण "दादा, उडवा की" हे शब्द तोंडातून निघाले, तर त्या क्षणी मी होडी काठाला लावायला सांगणार. तुमचे पैसे परत देईन आणि उतरवीन. मग तुमची लेन्स कितीही लाखांची असो.