मांजरीला घरी पोचवून राहिलो आहोत

इंदूरात पत्ता विचारणं जोखमीचं असतं. माहीत असेल तर माणूस सांगतो. माहीत नसेल तर आपल्याला स्कूटरवर मागे बसवून शोधायलाच निघतो. माणसांच्या बाबतीत हे खपून जातं. मांजरीच्या बाबतीत काय होतं, ते आमच्या रामबाग मोहल्ल्याने गेल्या पावसाळ्यात दाखवून दिलं.

पांढरी, काळी, नारिंगी अशी तीन रंगांची एक मांजरी आमच्या जिन्याखाली येऊन बसली. गळ्यात घुंगरू, म्हणजे कुणाच्या तरी घरची. 2017 पासून स्वच्छतेत देशात पहिला नंबर पटकावणाऱ्या या गावात रस्त्यावर कचराकुंडी औषधालाही सापडत नाही. त्यामुळे चुकलेलं मांजर उकिरड्याऐवजी थेट तुमच्या स्वयंपाकघराचा रस्ता धरतं. सर्वेक्षणवाले हा मुद्दा कधी विचारत नाहीत.

माझी बायको शाळेत जीवशास्त्र शिकवायची. तिने फर्मान काढलं : दूध द्यायचं नाही, बहुतेक मोठ्या मांजरांना ते पचत नाही. समोरच्या वहिनी यावर इतक्या हळहळल्या की मागच्या दाराने वाटी आलीच. पाठोपाठ कुणी पोहे आणले, वर जिरावण मसाला भुरभुरलेले. मांजरीने दूध हुंगलं, पोह्यांकडे पाठ केली आणि त्यांवरची शेव तेवढी वेचून खाल्ली. “इंदूरचीच आहे भिया,” असा गल्लीने एकमताने निर्वाळा दिला.

मांजर सापडल्याची खबर देताना एक खूण गुप्त ठेवायची, म्हणजे खरा मालक ओळखता येतो. आमची गुप्त खूण होती शेपटीचं वाकडं टोक. संध्याकाळच्या आत वहिनींचा निरोप मोहल्ल्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर झळकला : “मांजर सापडली आहे. शेपटी टोकाला वाकडी आहे, पण हे कुणाला सांगू नये.” खाली शेपटीचा फोटो.

मग मालकांची रीघ लागली. सगळ्यांच्या मांजरांच्या शेपट्या वाकड्या. एक काका तर पिशवी घेऊनच आले. “आमचाच बोका. हंड्रेड परसेंट.”

बायकोने चष्मा लावला. नारिंगी रंगाचं आणि काळ्या रंगाचं जनुक एक्स गुणसूत्रावर एकाच जागी असतं, दोन्ही रंग हवेत तर दोन एक्स लागतात, म्हणून तीन रंगांचं मांजर बहुधा मादीच असतं. बोका निघाला तर साधारण तीन हजारांत एक.

काका शांतपणे म्हणाले, “वहिनी, हा तोच एक.”

त्यांना रिकाम्या पिशवीनिशी परत पाठवायला चहाचे दोन राउंड लागले.

मग पुतण्याने सूत्रं हाती घेतली. 1922 मध्ये हेरिक नावाच्या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञाने एका मांजरीला तिच्या पिल्लांपासून काही मैल दूर नेऊन सोडलं होतं, तरी ती परत पोचली. त्यामुळे योजना सोपी होती : मांजरीला सोडायचं आणि गुपचूप मागे जायचं. यातला ‘गुपचूप’ हा भाग इंदूरात अमलात येणं अवघड होतं. मी, पुतण्या, टॉर्चवाली दोन पोरं, वहिनी, शेवेचा पुडा, आणि “काय करून राहिलात?” असं विचारत सामील झालेले सगळे. पिशवीवाले काकाही होते, नुसते बघायला म्हणून. एवढी वरात पाहून मांजरी एका स्कूटरखाली शिरली आणि पंजा चाटत बसली. एकाचं मत पडलं की तिला राजवाड्यावर नेऊन सोडावं, तिथून सगळे रस्ते फुटतात. दुसऱ्याला सराफ्यात, म्हणजे रात्री खाऊगल्ली होणाऱ्या सोनारांच्या बाजारात, शोध घ्यायचा होता. रात्री अकराला, रबडीच्या दुकानांच्या आसपास.

बायको गॅलरीतून ओरडत होती की 2018 च्या एका अभ्यासात सापडलेल्या मांजरांपैकी तीन चतुर्थांश मांजरं निसटल्या जागेपासून 500 मीटरच्या आतच मिळाली होती, तेव्हा मागची गल्ली बघा आणि आधी तोंडं बंद करा. पहिलं कुणी ऐकलं नाही. दुसरंही नाही.

आमच्या मागच्या वाड्यात एक आजी राहतात. रोज तिन्हीसांजेला त्या गच्चीतून “बाळ्या, ये रे घरी!” अशी हाक मारायच्या. कुणाचा नातू इतका उनाड आहे, यावर आमच्या घरात चर्चाही झाली होती. दुसऱ्या दिवशी पाऊस लागला, वरात भरलीच नाही, आणि गल्लीत पहिल्यांदाच जरा शांतता झाली. हाक आली. मांजरीने कान टवकारले, शेव तशीच टाकली, कठड्यावरून पत्र्यावर, पत्र्यावरून गच्चीवर.

आम्ही छत्र्या घेऊन गल्लीला वळसा घालून पोचलो. पाऊस असला तरी एवढ्यासाठी सगळे आले. आजी पदराने तिला पुसत होत्या.

“कुणी कोंडून ठेवलं होतं रे माझ्या बाळ्याला?”

सबंध मोहल्ल्याने माझ्याकडे बोट दाखवलं.

“आजी,” पिशवीवाले काका पुढे सरसावले, “हा बोकाच ना हो?”

“हो तर! लहानपणापासून बाळ्याच म्हणते मी.”

काकांनी विजयी मुद्रेने माझ्या बायकोकडे पाहिलं. तिने छत्री मिटली, ओट्यावर बैठक मारली आणि म्हणाली, “आजी, एक्स गुणसूत्र ठाऊक आहे तुम्हाला?”