पोटाशी झाकण की नाकाशी भोक

बिनतारी माऊस घेताना लोक डीपीआय, म्हणजे कर्सर किती चपळ पळेल ते, विचारतात, रंग बघतात, क्लिकचा आवाज रात्री शेजारच्या खोलीत जाईल का याचीही चौकशी करतात. माऊस उलटा करून मात्र कोणी बघत नाही. खरं तर त्याची पुढची कुंडली तिथंच मांडलेली असते. पोटाशी झाकण असेल तर आत पेन्सिल सेल, म्हणजे डबल ए. झाकण नसून नाकाशी भोक असेल तर आत लिथियमची बॅटरी, कायमची कोंडलेली. पहिला माऊस सेल मागतो, दुसरा वायर. आणि वायर नको म्हणून तर आपण वर पैसे मोजलेले असतात!

मी झाकणवाल्यांच्या पक्षाचा आहे, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढे निःपक्षपातीपणाची अपेक्षा राहणार नाही.

सेलचा माऊस एका सेलवर वर्षभर जातो, असं खोक्यावर छापलेलं असतं आणि ऑफिसच्या साध्या कामात ते बऱ्यापैकी खरंही ठरतं. माऊस हलला नाही की तो झोपतो आणि झोपेत नगण्य वीज खातो. अडचण अशी की सेल संपतो तेव्हा घरात दुसरा नसतो. मग घरोघरी चालत आलेले विधी सुरू होतात. पहिला विधी, माऊस टेबलावर आपटणे. दुसरा, झाकण उघडून सेल जागच्या जागी गोल फिरवणे. यानं माऊस खरोखर चालू होतो, म्हणून तर ही श्रद्धा टिकून आहे. फिरवल्यानं पत्र्यावरचा ऑक्साइडचा पापुद्रा खरवडला जातो आणि तेवढ्या विश्रांतीत सेलचं व्होल्टेज जरासं सावरतं. ही कृपा दहा मिनिटं टिकते. तिसरा विधी, सेल उन्हात ठेवणे किंवा मुठीत गच्च धरणे. तोही पूर्ण खोटा नाही, ऊब मिळाली की सेलचा अंतर्गत रोध कमी होतो. चौथा विधी, सेल दातानं चावणे. हा मात्र बंद करा. अल्कलाइन सेलमध्ये पोटॅशियम हायड्रॉक्साइड असतं, आणि ते जीभ भाजतं.

पाचवा विधी सर्वात लोकप्रिय: भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढून माऊसमध्ये टाकणे. यात दोन्ही बाजूंनी तोटा आहे. घड्याळात बहुतेक वेळा साधा झिंक-कार्बन सेल असतो. घड्याळाला नाममात्र करंट लागतो, तो त्याला पुरतो. माऊसची भूक त्याच्या कित्येक पट, तिथं तो लवकर मान टाकतो. शिवाय या सेलचं जस्ताचं डबडं हाच त्याचा ऋण ध्रुव असल्यामुळे वापरागणिक ते आतून झिजतं आणि शेवटी सेल गळतो. म्हणून वाहतूक उलट्या दिशेनं हवी. माऊसनं टाकून दिलेला सेल घड्याळाला द्यावा, तिथं तो आणखी बरेच महिने काढतो. घड्याळाचा सेल माऊसला कधीही देऊ नये.

दुकानात सेल मागताना पाकिटावरच्या ‘हेवी ड्यूटी’ या शब्दांवर भाळू नका. हेवी ड्यूटी म्हणजे तोच झिंकचा हलका सेल. इतका विनम्र विनोद जाहिरात खात्याला दुसरा जमलेला नाही. सेलच्या अंगावरचा बारीक कोड वाचावा. ‘आर ६’ म्हणजे झिंकचा, ‘एलआर ६’ म्हणजे अल्कलाइन, ‘एचआर ६’ म्हणजे चार्ज होणारा निकेल-मेटल हायड्राइड. बारीक सेलांवर, म्हणजे ट्रिपल एवर, सहाच्या जागी ‘०३’ असतं. एका ‘एल’साठी चार पैसे जास्त गेले तरी द्यावेत.

सेल मेलाय की नाही हे ओळखायला अलीकडे तो जमिनीवर टाकून बघायची फॅशन आली आहे. दोन-तीन सेंटीमीटरवरून, सपाट टोक खाली करून, फरशीवर सोडायचा. नवा अल्कलाइन धप्प बसतो, वापरलेला उडी मारतो, कारण आतल्या जस्ताचं ऑक्साइड होतं आणि ते कडक बनतं. पण २०१५ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठात हे मोजून पाहिलं गेलं तेव्हा दिसलं की सेल साधारण अर्धा संपेपर्यंतच उडी वाढत जाते, नंतर तेवढीच राहते. म्हणजे उडी मारणारा सेल नवा नाही, एवढंच कळतं. तो मेलाच आहे असं नाही. या परीक्षेपायी कित्येक अर्धे भरलेले जीव कचऱ्यात गेले असतील.

सेलवाल्यांचा खरा शत्रू म्हणजे गळती. मे महिन्यात गावाला जाताना सेल माऊसमध्येच राहतो, आणि परत आल्यावर झाकण उघडावं तर स्प्रिंगवर पांढरी खपली. ती बहुधा पोटॅशियम कार्बोनेटची असते. सेलमधून बाहेर आलेल्या क्षाराचं हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी लग्न लागलेलं असतं. हातमोजे घालून सेल काढावा. कापसाची काडी व्हिनेगरमध्ये किंवा लिंबाच्या रसात बुडवून, निथळून, खपलीवर टेकवावी. बारीक फेस येईल, तो थांबला की पुसून घ्यावं. मग दुसरी काडी आयसोप्रोपिल अल्कोहोलची. ते मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडे मिळतं. लिंबू तसंच ठेवून दिलं तर क्षारानं सोडलेली स्प्रिंग आम्ल खाईल. सुकल्यावर नखं घासायच्या कानशीनं स्प्रिंगचं टोक चकचकीत करावं. हिरवट डाग उरला असेल तर तांबं आधीच गंजलेलं आहे, तिथं कानशीचा हात जरा जास्त चालवावा लागतो. बाटलीतून व्हिनेगर सरळ आत ओतणाऱ्यांच्या माऊसचं पुढे काय होतं, ते सांगत नाही.

यावर शहाणे लोक चार्ज होणारे सेल घेतात. बरोबरच करतात. फक्त घरातला जुना चार्जर तपासून घ्यावा. स्वस्त चार्जर सेल जोडीनं पूजेला बसवल्याशिवाय कामाला लागत नाहीत, आणि माऊसमध्ये सेल असतो एक. मग दुसऱ्या खाचेत भरलेला सेल बसवून जोडी जमवली जाते, एक उपाशी राहतो, दुसरा अजीर्णानं तापतो. प्रत्येक खाचेला स्वतंत्र दिवा असलेला चार्जर घ्यावा. सेलही नुसते पडून असताना फारसा चार्ज न गमावणारे घ्यावेत. सान्योनं २००५ मध्ये एनेलूप आणले तेव्हापासून ही जात बाजारात आहे. त्याआधीचे ड्रॉवरमध्ये पडल्या पडल्याच रिकामे व्हायचे.

या सेलांचा नेहमीचा व्होल्टेज १.२, अल्कलाइनचा १.५. त्यामुळे नुकताच भरलेला सेल घातला तरी काही माऊस ‘बॅटरी कमी आहे’ अशी हाकाटी पिटतात. दुर्लक्ष करावं, १.२ व्होल्टवरच तो बराच काळ ठाम राहतो. याच्या बरोबर उलट स्वभाव ‘यूएसबीनं चार्ज होणाऱ्या १.५ व्होल्टच्या’ लिथियम सेलांचा. त्यांच्या आत व्होल्टेज स्थिर ठेवणारं सर्किट असतं. माऊसला शेवटच्या मिनिटापर्यंत सेल भरलेला दिसतो आणि मग एकदम अंधार. कुरकुर करणारा परवडला.

आता भोकवाल्यांकडे वळू.

या पंथाचं सर्वात प्रसिद्ध देवस्थान म्हणजे ॲपलचा मॅजिक माऊस. २००९ मध्ये तो आला तेव्हा त्यात दोन पेन्सिल सेल होते. २०१५ मध्ये बॅटरी आत कोंडली गेली आणि चार्जिंगचं भोक चक्क पोटाशी आलं. चार्ज करायचं तर माऊस पाठीवर लोळवावा लागतो, काम बंद. २०२४ मध्ये कंपनीनं भोक बदलून टाइप-सी केलं, जागा तीच ठेवली. दोन मिनिटांच्या चार्जिंगवर नऊ तास काम होतं, असा कंपनीचा दावा आहे. म्हणजे कर्मचाऱ्यानं तेवढ्यात चहा घेऊन यावं, अशी ही मानवतावादी रचना असावी.

नाकाशी भोक असलेले माऊस निदान वायर लावून चालवता येतात. पण वायर कुठली? जुन्याला मायक्रो यूएसबी, नव्याला टाइप-सी. टाइप-सीतही गोम आहे. दोन्हीकडे सी असलेल्या वायरीनं नव्या चार्जरला लावलं तर काही स्वस्त कीबोर्ड ढिम्म हलत नाहीत. त्या भोकामागे ५.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर, म्हणजे विजेला अडसर घालणारे दाण्याएवढे भाग, असावे लागतात. ते पाहिल्याशिवाय चार्जर वीज सोडतच नाही. बनवणाऱ्यानं ते दोन दाणे वाचवले, आणि मालक समजतो कीबोर्ड मेला. अशा वेळी जुन्या चपट्या यूएसबीच्या चार्जरला किंवा लॅपटॉपच्या चपट्या पोर्टला लावून बघावं. मेलेले बरेच कीबोर्ड तिथं उठून बसतात.

आतल्या बॅटरीचा हिशेब मोठा मजेशीर असतो. एका चार्जमध्ये माऊस दोन महिने चालला, तर वर्षाला सहा चार्ज. लिथियम बॅटरी तीनशे ते पाचशे चार्ज सोसते. म्हणजे माऊस पन्नास वर्षं चालायला हवा, नातवाला वारशानं द्यावा इतका. प्रत्यक्षात बॅटरी वापरानं नव्हे, वयानं जाते. पूर्ण भरलेली, ४.२ व्होल्टवर ताणलेली, आणि वर अकोल्याचा उन्हाळा, यात ती सर्वात भरभर म्हातारी होते. उलट पूर्ण रिकामी करून कपाटात ठेवली तर व्होल्टेज साधारण अडीचच्या खाली जातं, संरक्षक सर्किट दार लावून घेतं आणि पुढे ती चार्जच घेत नाही. ठेवायचीच असेल तर निम्मी भरून ठेवावी. म्हातारपणी ती फुगते. माऊस टेबलावर डुलायला लागला किंवा डावी क्लिक दबेनाशी झाली तर टेबलाला दोष देऊ नये. चार्जिंग बंद करावं. टाचणीनं टोचून ‘गॅस काढणारे’ महाभाग असतात, त्यांच्यापासून चार हात लांब राहावं.

बदलायची ठरवली तर स्क्रू सापडत नाहीत. ते खालच्या गुळगुळीत पट्ट्यांखाली दडवलेले असतात. हेअर ड्रायरनं पट्टी कोमट करून हळू उचलावी, नंतर तीच चिकटवायची असते. कवच हिसका देऊन उघडू नये, दोन भागांना जोडणारी चपटी केबल तुटते. बॅटरीवर सहा आकडी नंबर असतो, ५०२०३० असा. म्हणजे जाडी ५.० मिलिमीटर, रुंदी २०, लांबी ३०. हा नंबर घेऊन मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत जावं. नवीन बॅटरीची पिन बसली म्हणून खूश होऊ नये. लाल-काळ्या वायरींची बाजू उत्पादकागणिक बदलते आणि उलटी लागली तर सर्किट गेलं. आधी जुनीशी ताडून बघावी. तीन वायरी असतील तर तिसरी तापमानाची, ती सोडून चालत नाही. आणि वायरी कापायच्याच झाल्या तर एकेक कापाव्यात. कात्रीत दोन्ही एकदम धरल्या की कात्रीच शॉर्ट सर्किट होते.

बॅटरीवर खोटा आळही पुष्कळ येतो. कर्सर अडखळला की लोक सेल बदलतात. डोंगल, म्हणजे माऊसचे संदेश झेलायला संगणकात खोचलेला तुकडा, यूएसबी ३.० च्या निळ्या पोर्टाशेजारी असेल तर बघा. त्या पोर्टाची धांदल २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासच गोंगाट करते, आणि डोंगलही तिथंच कान लावून असतो. हातभर एक्स्टेन्शन वायर लावून डोंगल लांब न्यावा, सेल आपोआप निर्दोष सुटतो.

युरोपीय संघानं यावर कायदाच केला. २०२३ च्या बॅटरी नियमांनुसार १८ फेब्रुवारी २०२७ पासून छोट्या उपकरणांतली बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता-घालता आली पाहिजे, काही अपवाद सोडून. आपल्याकडचे २०२२ चे नियम मेलेल्या बॅटऱ्या गोळा करण्यावर भर देतात. मारण्याचा परवाना तेवढा अबाधित आहे.

हेडफोनला मात्र मी कोंडलेली बॅटरी माफ करतो, त्याची भूकच मोठी. दिव्यांचा कीबोर्डही त्यातच. त्या रोषणाईपुढे पेन्सिल सेल आठवडाभर टिकला तरी नवल. पण नुसता माऊस आणि साधा कीबोर्ड झाकणाचाच असावा, फक्त त्यातला सेल नाक्यावर मिळणारा हवा. मायक्रोसॉफ्टच्या सरफेस पेनच्या कित्येक मॉडेलांत चार ए-वाला सेल लागतो, ट्रिपल एपेक्षाही बारीक. नाक्यावरच्या दुकानदाराकडे तो मागून पाहावा. आधी तो काउंटरवर ट्रिपल ए ठेवतो. आपण मान हलवतो. मग तो डबल ए ठेवतो. तरी मान हलते, तेव्हा तो चष्मा वर करून विचारतो, “साहेब, ए किती म्हणालात?”