बाकड्यावरची आई

गेल्या वर्षी आम्ही सिनेमाच्या थीम पार्कला गेलो होतो. त्या एका दिवसाचे १४० फोटो माझ्या फोनमध्ये आहेत आणि त्यातल्या एकाही फोटोत आई नाही. माझ्या हे लक्षातही आलं नव्हतं. परत आल्यावर आठवड्याभरानं लेक फोन घेऊन बसली, एकेक फोटो सरकवत शेवटापर्यंत गेली आणि म्हणाली, "आई, आजी आपल्याबरोबर आली नव्हती का?"

आली होती. सकाळी दहापासून संध्याकाळी सातपर्यंत आमच्याबरोबरच होती. आम्ही राईडवर होतो आणि ती बाकड्यावर. एका बाजूला दोन सॅक, दुसऱ्या बाजूला पाण्याच्या बाटल्या, मांडीवर मुलांची जॅकेटं, पर्समध्ये सगळ्यांचे गॉगल. एक राईड झाली की आम्ही तिला उठवायचो, पुढच्या राईडजवळचं बाकडं शोधायचो आणि सामानासकट तिथे बसवायचो. ती ६८ वर्षांची आहे, गुडघे दुखतात. "तुम्ही जा रे, मी बसते सामान घेऊन," असं तीच म्हणाली होती, आणि आम्हीही दुसऱ्यांदा विचारलं नाही. संध्याकाळी कसं वाटलं म्हणून विचारलं तर म्हणाली, "छान झालं गं, मुलं किती खूश होती." स्वतःबद्दल एक शब्द नाही.

लेकीचा तो प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. त्यानंतर या पार्कांविषयी जे मिळेल ते वाचत गेले, तेव्हा कळलं की डिस्नेलँड या थीम पार्कची कल्पना सुचली तीच मुळी एका बाकड्यावर. वॉल्ट डिस्ने आपल्या दोन मुलींना घेऊन लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये जायचे. मुली मेरी-गो-राउंडवर, आणि ते बाजूच्या बाकड्यावर शेंगदाणे खात बसलेले. आईबाप आणि मुलं एकत्र मजा करू शकतील अशी एखादी जागा असायला हवी, हे तेव्हा मनात आल्याचं त्यांनी पुढे स्वतःच सांगितलं होतं. १७ जुलै १९५५ला अनाहाइममध्ये डिस्नेलँड उघडलं, ते त्या विचारातून. बाकड्यावर बसलेल्या मोठ्या माणसाला तिथून उठवण्यासाठी ज्या जागेची कल्पना निघाली, तशाच जागी मी माझ्या आईला घेऊन गेले आणि दिवसभर बाकड्यावर बसवून ठेवलं. मला हे फार लागलं.

यंदा पुन्हा गेलो. मी, नवरा, अकरा वर्षांचा मुलगा, सहा वर्षांची मुलगी आणि आई. जायच्या आदल्या रात्री पार्कचा नकाशा पुढ्यात घेतला आणि प्रत्येक ठिकाणापुढे एकच प्रश्न लिहिला: इथे पाचही जणांना बसता येईल का? मला वाटलं होतं दोन-तीन जागा निघतील. नऊ निघाल्या. आणि त्यातल्या बहुतेक जागा सिनेमा कसा तयार होतो हे दाखवणाऱ्या होत्या. गेल्या वर्षी "हे काय नुसतं बसून बघायचं" म्हणत आम्ही ज्यांच्यावरून पळत गेलो होतो, नेमक्या त्याच.

माझं ठाम मत झालंय की सिनेमाच्या पार्कचा जीव या जागांमध्ये आहे. रोलर कोस्टर कुठल्याही पार्कात मिळतो. पोटात गोळा आणायला सिनेमाची गरज नाही. सिनेमाच्या पार्काला जायचं ते पडद्यामागचं बघायला, आणि ते बघायला गुडघे, उंची, वय काही आड येत नाही. ही पद्धतही जुनी आहे. १५ मार्च १९१५ला सिनेमे काढणाऱ्या कार्ल लेम्ली यांनी कॅलिफोर्नियात युनिव्हर्सल सिटी हा आपला भला मोठा स्टुडिओ उघडला, तेव्हा २५ सेंट घेऊन लोकांना चित्रीकरण बघायला आत सोडायचे. सिनेमे मूक होते, त्यामुळे बघणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या, आरडाओरडा केला तरी बिघडत नव्हतं. बोलपट आले आणि सेटवर शांतता लागायला लागली, तसं ते बंद झालं. पुन्हा सुरू झालं १९६४मध्ये, ट्राममधून स्टुडिओ फिरवून दाखवायच्या रूपात. राईडची रेलचेल नंतर झाली. पाहुण्यांना आधी दाखवलं ते काम.

आमचा दिवस सुरू झाला आवाजाच्या कार्यक्रमापासून. छोटं थिएटर, स्टेजवर लाकडी पेट्या, जुने बूट, एक दार (नुसतंच, चौकटीसकट उभं केलेलं), करवंट्या आणि एका बाजूला टांगलेला माणसाच्या उंचीचा पातळ पत्रा. सिनेमात ऐकू येणारे कितीतरी आवाज चित्रीकरणाच्या वेळचे नसतात, नंतर पडद्याकडे बघत वेगळे तयार करून भरतात. या कामाला फोली म्हणतात, युनिव्हर्सल स्टुडिओत काम करणाऱ्या जॅक फोली यांच्या नावावरून. कार्यक्रम सांभाळणाऱ्या मुलीनं आधी एका वादळाचा प्रसंग मुका दाखवला. मग प्रेक्षकांतून माणसं बोलावली. करवंट्या माझ्या मुलाकडे आल्या, घोड्याच्या टापांसाठी. पत्र्यासाठी कुणी हात वर करेना, तेव्हा ती आईकडे बघून म्हणाली, "आजी, तुम्ही येता का?"

आई नाहीच म्हणाली असती. लेकीनं तिचा हात धरून उठवलं.

पुढची दोन मिनिटं मला जन्मभर आठवतील. आईनं पदर खोचला, चष्मा सारखा केला आणि पत्र्याच्या दोन्ही कडा धरल्या. पडद्यावर वीज चमकली की हलवायचा, एवढंच सांगितलेलं. पहिल्या विजेला तिनं अगदी हळू हलवला, कपडा झटकावा तसा. बारीकसा खडखडाट झाला. त्या मुलीनं "अजून जोरात!" अशी खूण केली. दुसऱ्या विजेला आईनं पाय रोवले आणि खांद्यापासून असा झटका दिला की थिएटरच्या मागच्या भिंतीपर्यंत गडगडाट गेला. पुढच्या रांगेतलं एक लहान पोर दचकून स्वतःच्या आईला बिलगलं. मग तोच प्रसंग आवाजासकट पुन्हा दाखवला. घोडा माझ्या मुलाच्या हातानं दौडत होता आणि आभाळ माझ्या आईच्या हातानं कोसळत होतं. खाली आली तेव्हा तिची बोटं लाल झाली होती. ती मला दाखवत म्हणाली, "वजन आहे गं त्या पत्र्याला."

त्यानंतर तिनं एकदाही बाकडं शोधलं नाही. थकली की सांगायची, आपण सगळेच थांबायचो.

हिरव्या पडद्याच्या खोलीत लेकीची मजा झाली. तिनं नेमका हिरवा टी-शर्ट घातला होता. कॅमेऱ्यासमोर उभी राहिली आणि मॉनिटरवर डोंगरांवरून नुसतं डोकं, दोन हात आणि खाली पॅन्ट उडत चालली. मधलं धड गायब! कॅमेऱ्यानं टिपलेला तो ठरावीक हिरवा संगणक पुसून टाकतो आणि तिथे दुसरं चित्र भरतो. हिरवाच का, हे मुलानं विचारलं. माणसाच्या कातडीच्या रंगापासून तो बराच लांबचा, आणि डिजिटल कॅमेऱ्याच्या सेन्सरवर हिरवा टिपणारे बिंदू लाल किंवा निळ्याच्या दुप्पट असतात, त्यामुळे कडा स्वच्छ निघतात. हे ऐकून लेक टी-शर्ट बदलायला तयारच होईना, तिला पुन्हा गायब व्हायचं होतं.

भुताच्या हवेलीत मात्र कोडं आईनं सोडवलं. जेवणाच्या टेबलाभोवती आरपार दिसणारी माणसं नाचत होती. मुलगा म्हणाला, प्रोजेक्टर आहे. आई जरा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "रात्रीच्या गाडीत खिडकीच्या काचेत आपलंच तोंड बाहेरच्या झाडांवर दिसतं, तसं आहे का रे हे?" तसंच आहे. मध्ये भली मोठी काच असते, ती आपल्याला जाणवत नाही. भूत आपल्या नजरेआड दुसरीकडे असतं. त्याच्यावर उजेड टाकला की त्याचं प्रतिबिंब काचेत पडतं, आणि काचेपलीकडची खोली तर दिसतच असते. दोन्ही मिळून भूत खोलीत. जॉन पेपर यांनी १८६२मध्ये लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निकमध्ये हे रंगमंचावर करून दाखवलं, म्हणून त्यांचंच नाव या युक्तीला चिकटलं. डिस्नेलँडच्या १९६९च्या भुताच्या हवेलीतल्या नाचाच्या दालनातही हीच युक्ती आहे. मुलगा आजीकडे ज्या नजरेनं बघत होता ती नजर मी आधी कधी पाहिली नव्हती.

पुष्कळ लोकांना वाटतं, मुलांना युक्ती कळली की जादू जाते. माझा अनुभव अगदी उलटा आहे. पत्रा कळल्यापासून मुलगा घरी सिनेमातलं वादळ डोळे मिटून ऐकतो.

हलणाऱ्या खुर्च्यांच्या थिएटरला आई घाबरत होती. बऱ्याच ठिकाणी अशा खेळांत काही खुर्च्या न हलणाऱ्या असतात, पण आपण विचारावं लागतं. आम्ही विचारलं, दिली. मुलगा आणि नवरा तिथून सिम्युलेटरला, म्हणजे पडद्यासमोर हलणाऱ्या केबिनमध्ये, गेले. त्यातली एक गोष्ट सांगते, कारण मळमळ होते म्हणून अनेक जण ते टाळतात. ती केबिन पुढे जातच नाही, जागच्या जागी कलते. वेग घेतल्यासारखा पडदा पळतो आणि त्याच क्षणी केबिन मागे झुकते. पाठ खुर्चीत दाबली गेली की आपल्या कानातल्या तोलाच्या यंत्रणेला ते झुकणं आहे की वेग, हे वेगळं करता येत नाही. पायलटांना शिकवण्यासाठी केलेल्या यंत्रांचंच हे तंत्र, डिस्नेनं १९८७मध्ये आपल्या पार्कात आणलं. डोळे आणि कान यांची साक्ष जुळली नाही की मळमळतं. नवऱ्यानं मध्येच डोळे मिटून घेतले, त्याला बरं वाटलं.

एका गोष्टीचा मात्र मनापासून राग आला आणि तो इथे लिहिणारच. एका राईडसाठी आम्ही चाळीस मिनिटं रांगेत उभे होतो. अगदी दाराशी पोचल्यावर उंची मोजायची पट्टी. हवी १२२ सेंटीमीटर, लेक ११६. नियम शंभर टक्के बरोबर आहे. मांडीवर येणारा दांडा विशिष्ट अंगाच्या माणसासाठी केलेला असतो, लहान मूल त्यातून निसटू शकतं, आणि तिथल्या मुलानं आम्हाला सोडलं असतं तर मीच घाबरले असते. पण ती पट्टी रांगेच्या सुरुवातीला का नाही? सहा वर्षांच्या पोरीला चाळीस मिनिटं आशेवर उभं करायचं आणि दारातून परत पाठवायचं, हे चूक आहे. ती रडली नाही, नुसती गप्प झाली, ते जास्त वाईट. तुमच्या घरात लहान मूल असेल तर आदल्या दिवशी घरी उंची मोजा आणि प्रत्येक राईडची अट वाचून ठेवा. आणि हेही विचारा की एकानं मुलाजवळ थांबून नंतर रांगेशिवाय जायची सोय आहे का. कितीतरी मोठ्या पार्कांत आईबापांना असं आळीपाळीनं सोडतात, पण फलकावर ते ठळक लिहिलेलं नसतं.

मला काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. पडद्यामागचं दाखवणाऱ्या जागा जगभर कमी होत चालल्यात. फ्लोरिडातलं डिस्ने-एमजीएम स्टुडिओज १९८९मध्ये उघडलं तेव्हा तिथे ॲनिमेशनचं खरं काम चालायचं आणि लोक काचेतून चित्रकारांना बघायचे. तो स्टुडिओ २००४मध्ये बंद झाला, तिथली बॅकलॉटची, म्हणजे स्टुडिओच्या मागच्या आवारातल्या उघड्यावरच्या सेटची, सफर २०१४मध्ये. त्यांच्या जागी जे येतं त्यात बहुतेकदा आपल्याला बांधून बसवतात आणि जोरात पळवतात. पार्कवाल्यांचा हिशोब मला कळतो, गर्दी राईडला होते. पण गर्दी आपणच करतो ना! आवाजाच्या त्या थिएटरात अर्ध्याहून जास्त खुर्च्या रिकाम्या होत्या आणि बाहेर रोलर कोस्टरला दीड तासाची पाटी. असंच चाललं तर आईच्या हातातला तो पत्रा एक दिवस भंगारात जाईल, आणि मग सिनेमाच्या पार्कात साठीपुढच्या माणसाला खरोखरच बाकड्याखेरीज जागा उरणार नाही.

शेवटी ट्राममध्ये बसलो. पाचही जण एकाच बाकावर, लेक आणि आजी कडेला. खोट्या गल्ल्यांतून गाडी फिरत होती. पुढून तीन मजली दिसणारी घरं मागून नुसत्या फळ्या आणि टेकू. वरच्या मजल्यांच्या खिडक्या मुद्दाम लहान केलेल्या, म्हणजे इमारत आहे त्याहून उंच वाटते. डिस्नेलँडचा किल्ला जेमतेम ७७ फुटांचा आहे, पण वर जाताना त्याचे दगड लहान लहान होत जातात, म्हणून तो फार उंच भासतो. आई प्रत्येक वळणावर मागे वळून घरांची पाठ बघत होती. "पुढून किती छान रंगवलंय, आणि मागे बघ, खिळेसुद्धा तसेच," असं लेकीला दाखवत होती. यंदा फोटो कमी काढले गेले, साठेक असतील. आई एकोणीस फोटोंत आहे.

घरी आल्यावर लेकीनं स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलनं आपली उंची मांडली. दर महिन्याला मोजायचं ठरलंय. परवा ११८ भरली. मग तिनं आजीला चौकटीला पाठ लावून उभं केलं, खुर्चीवर चढून डोक्यावर पट्टी ठेवली आणि रेघ मारली. १४९. खाली उतरली आणि स्वयंपाकघरातून ओरडली, "आजी, तुला सगळ्या राईड चालतात!"